वाढत्या अंगाची सायकल

यंदाच्या पाडव्याला घरातल्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला सायकल घ्यायचा बेत असेल, तर दुकानात जाताना एक वस्तू आठवणीने बरोबर न्या. भारतातून परत यायच्या आदल्या रात्री बॅगा उचलून उचलून मोजायचा तो छोटा काटा. बॅग २३ किलोच्या वर पाव किलो गेली तरी चकल्यांचा डबा बाहेर काढणारे आपण, मुलांची सायकल मात्र रंग, चाकाचा आकार आणि किंमत पाहून घेतो. तिचं वजन कुणी विचारत नाही. मोठ्या स्टोअरमध्ये ते बहुधा कुठे लिहिलेलंही नसतं.

आम्हीही विचारलं नव्हतं. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा दीडशे डॉलरला एक २० इंची ‘माउंटन बाइक’ आणली. पुढे शॉक, मागे शॉक, जाडजूड टायर, सात गिअर. शिवाय जरा मोठीच, म्हणजे दोन-तीन वर्षं बघायला नको. घरासमोरच्या सपाट रस्त्यावर ठीक चाललं. मग एका रविवारी फ्रीमॉन्टच्या कायोटी हिल्सला गेलो. तिथला बेव्ह्यू ट्रेल डांबरी आहे, पण टेकडीला वळसा घालताना चढ-उतार लागतात. पहिल्या चढावर ती उतरली. दुसऱ्या चढावरही उतरली. तिसऱ्या चढावर सायकल आडवी टाकून म्हणाली, “आई, मी हिल्सवर बॅड आहे.”

त्यानंतर सायकल सहा महिने गराजमध्ये पडून होती. भारतातून आल्यावर काटा हाताशी होता म्हणून सहज ती लटकवून पाहिली. १३ किलो भरली. मुलगी २० किलोची!

हाच हिशेब स्वतःला लावून बघा. तुमचं वजन ७० किलो असेल, तर त्या प्रमाणात तुमची सायकल साडेपंचेचाळीस किलोची हवी. म्हणजे जवळजवळ दोन भरलेल्या चेक-इन बॅगांएवढी. ती घेऊन तुम्ही टेकडी चढाल का? आणि नाही चढलात, तर तुम्ही म्हणाल की सायकल जड आहे. सहा वर्षांचं मूल तसं म्हणत नाही. त्याला तुलना करायला दुसरी सायकल माहीत नसते. ते म्हणतं, मलाच जमत नाही. हलकी सायकल घ्यायची ती शर्यत जिंकण्यासाठी नव्हे, मुलाने स्वतःबद्दल हा चुकीचा निष्कर्ष काढू नये म्हणून.

“आम्ही नाही का शिकलो?”

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. आजोबा फोनवर विचारतात, आपणही मनात विचारतो. तासाच्या भाड्याने आणलेली काळी, लोखंडी, वीसेक किलोची सायकल. सीटवर पाय पुरत नाहीत म्हणून मधल्या दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल. ढोपरं फुटली, पण शिकलो.

खरंय. पण आपण तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होतो, मैदान सपाट होतं आणि गल्लीतल्या सगळ्यांची सायकल तितकीच जड होती. इथे मूल पाच-सहा वर्षांचं असतं, समोर टेकडी असते आणि शेजारचा मुलगा साडेसात किलोच्या सायकलवर पुढे निघून गेलेला असतो.

दुसरी आपली सवय म्हणजे ‘वाढत्या अंगाचं’ घेणं. जूनमध्ये शाळेचा गणवेश दोन बोटं लांब शिवायचा, खाली दुमडून टीप घालायची आणि पुढच्या वर्षी उसवायची. कपड्यात हे शहाणपणाचं आहे. सायकल मात्र दुमडता येत नाही. मोठी सायकल म्हणजे जास्त वजन, लांब हँडल, जमिनीला न टेकणारे पाय आणि मनात बसलेली भीती.

माप कसं घ्यायचं

वयावरून साधारण अंदाज येतो: चार ते सहाला १६ इंची चाक, सहा ते आठला २० इंची, त्यापुढे २४ इंची. पण खरं माप पायाचं. मुलाला अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं करा. एखादं जाड पुस्तक (हा अंक पुरेसा जाड झाला असेल तर हाच) दोन पायांच्या मध्ये, खोगिरासारखं वर टेकेपर्यंत सरकवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. ही झाली पायाच्या आतल्या बाजूची लांबी. चांगल्या कंपन्या सीटची कमीत कमी आणि जास्तीत जास्त उंची देतात, ती या आकड्याशी ताडून बघा.

मूल अजून शिकत असेल, तर सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. सायकल येत असेल, तर दोन्ही चवडे टेकले तरी पुरे. सायकलच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहिल्यावर मधल्या दांड्याच्या वर दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत, कारण खडबडीत वाटेवर मूल अचानक पुढे उतरतं.

आणि वाढत्या अंगाचं काय? त्याची सोय सीटखालच्या दांड्यात असते. या वयात मुलांची उंची वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते, त्यातली जवळपास निम्मी पायांची. सीट दहा सेंटिमीटर वर घेता येत असेल, तर आज बरोबर बसणारी सायकलही दोन-तीन वर्षं जाते. फक्त दांड्यावरची ‘याच्या वर नको’ ही खूण ओलांडू नका.

वजन कुठे लपलेलं असतं

चांगली हलकी २० इंची सायकल साधारण सात ते नऊ किलोची असते. घरगुती खूण सांगते: इंडियन ग्रोसरीतली तांदळाची २० पौंडांची पिशवी नऊ किलोची. सायकल तिच्यापेक्षा जड असू नये. टक्क्यांत सांगायचं तर मुलाच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास राहिली, तर मूल ती उचलून वळवू शकतं, पडली तर स्वतः उभी करू शकतं.

जास्तीचं वजन बहुतेक वेळा तीन ठिकाणी असतं. पहिलं ठिकाण फ्रेम: स्वस्त सायकलीत साधं जाड पोलाद, हलक्या सायकलीत ॲल्युमिनियम. दुसरं शॉक. दुकानात मुलाला सीटवर बसवा आणि हँडलवर सगळा जोर टाकायला सांगा. पुढचा शॉक दबला नाही, तर तो तुमच्या मुलासाठी शॉक नाहीच, नुसतं लोखंड आहे. स्वस्त शॉकमधली स्प्रिंग वीस किलोच्या जिवासाठी बनवलेलीच नसते. या वयाला ताठ फोर्क आणि दोन इंच रुंदीचे टायर पुष्कळ झाले. मातीच्या वाटेवर हवा थोडी कमी ठेवा. एवढ्या हलक्या मुलाला १५ ते २० पीएसआय बहुधा पुरते, पण टायरच्या कडेवर छापलेली मर्यादा आधी वाचा. मऊ टायर खडे गिळतो, आणि त्याचं वेगळं वजन नसतं. पुढे २४ इंची सायकल आली, मूल दगडाधोंड्यांतून उतरायला लागलं, की हवेवर चालणारा शॉक घ्या. त्यातली हवा मुलाच्या वजनाप्रमाणे कमी-जास्त करता येते.

तिसरं ठिकाण गिअर. पुढे दोन-तीन चक्रं म्हणजे वजनही जास्त आणि गोंधळही. पुढे एकच लहान चक्र, मागे सात-आठ गिअर, त्यातलं सगळ्यात मोठं चक्र ३२ किंवा ३४ दात्यांचं असलं की टेकडी चढते. गिअर बदलायचं बटण मुलाच्या अंगठ्याने दबतं का, हे दुकानातच बघा. पायडलचे दांडेही मुलाच्या पायाला साजेसे आखूड हवेत. लांब दांड्यांमुळे गुडघे पोटापर्यंत येतात.

आणि एक: स्वस्त सायकलीचं मॅन्युअल उघडून बघा. डब्यावर ‘माउंटन’ लिहिलेल्या काही सायकलींच्या मॅन्युअलमध्ये, ही सायकल कच्च्या वाटेवर चालवू नये, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

ब्रेक आणि एक शेजारची गोष्ट

माउंटन बाइकचं माहेर आपल्या शेजारीच आहे. मरीन काउंटीतल्या फेअरफॅक्सजवळ एका उतारावर १९७६ साली काही तरुणांनी जुन्या, जड, फुगीर टायरच्या सायकलींच्या शर्यती सुरू केल्या. सायकली वर न्यायच्या ट्रकमधून किंवा ढकलत, आणि खाली यायचं सुसाट. त्या सायकलींना उलटं पायडल मारून लागणारा पायब्रेक असे. उतरता उतरता तो इतका तापे की आतल्या ग्रीसचा धूर होई आणि खाली आल्यावर ग्रीस नव्याने भरावं लागे. ग्रीस पुन्हा भरणं म्हणजे ‘रीपॅक’, म्हणून त्या उताराचं आणि शर्यतीचं नाव रीपॅक. पुढच्याच वर्षी जो ब्रीझ यांनी खास डोंगरासाठी नवी सायकल घडवली. तिला हातब्रेक होते. आता फेअरफॅक्समध्ये सायकलींचं संग्रहालयही आहे, मुलांना घेऊन जरूर जा.

गंमत अशी, की डोंगरावरून कधीच हद्दपार झालेला तो पायब्रेक आपल्या मुलांच्या १६ इंची सायकलीत आजही सापडतो. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा नियमांनुसार या मापाच्या बहुतेक लहान सायकलींना तो द्यावाच लागतो. सपाट रस्त्यावर तो चालून जातो. चढावर मात्र अडचण होते: थांबल्यावर पायडल मागे फिरवून सोयीच्या जागी आणता येत नाही, आणि तोल सावरताना पाय जरा मागे गेला की चाक जाम. काही कंपन्या पायब्रेक काढून बसवायचं वेगळं चाक विकतात. २० इंची सायकलीला पायब्रेक सहसा नसतो. तिथे फक्त हातब्रेक तपासा. मुलाचं एक बोट लिव्हरपर्यंत आरामात पोचतं का, आणि त्या बोटाने चाक थांबतं का? बहुतेक चांगल्या लिव्हरला एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर मुठीजवळ आणता येतो. साधे रिम ब्रेकही पुरतात, ताकदीपेक्षा बोट पोचणं महत्त्वाचं.

हेल्मेट वेगळं सांगायला नको. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्यांना ते कायद्यानेच बंधनकारक आहे. आत सीपीएससीचं लेबल बघा, भुवयांच्या वर दोन बोटं बसवा. मागे कललेलं हेल्मेट फोटोत छान दिसतं, कपाळ वाचवत नाही.

पैसे

आता कळीचा मुद्दा. हलकी सायकल नवी घेतली, तर साधारण ४०० ते ८०० डॉलर पडतात. मुलाला दोन-तीन वर्षांत लहान होणाऱ्या वस्तूला एवढे? संकोच रास्त आहे. पण या सायकली विकल्या जातात, आणि बरी किंमत येते. दीडशेची जड सायकल गराजमध्ये पडून राहते, नंतर कुणी फुकट नेली तरी आपण आभार मानतो. आम्ही दुसरी सायकल वापरलेलीच घेतली, २८० डॉलरला. वापरलेली घेताना चाकं फिरवून बघा, साखळीला गंज नाही ना ते बघा, फ्रेमला चीर नाही ना ते बघा. बाकी टायर, ब्रेकचे रबर, केबल स्वस्तात बदलता येतात.

याहून सोपा मार्ग आपल्या मंडळातच आहे. पाळणा, बाळाची दुपटी, मौंजीचं सोवळं आपण एका घरातून दुसऱ्या घरात देत आलोच आहोत. सायकलही तशी फिरू शकते. पुढच्या पिकनिकला लहान झालेली सायकल गाडीला लावून आणा. ज्यांना हवी असेल ते काटा घेऊन येतील.

पहिल्या वाटा

सायकल आली, की लगेच डोंगर नको. अलमीडा क्रीकच्या काठची वाट सपाट आहे, तिथे हात बसू द्या. मग कायोटी हिल्स. मग पालो आल्टोचं अरास्त्राडेरो, आणि एखाद्या मोठ्या सुटीत सॅन राफाएलजवळचं चायना कँप, जिथे खाडीकाठच्या झाडांतून अरुंद मातीची वाट जाते. पाऊस पडून गेल्यावर मातीच्या वाटा बंद असतात, निघण्यापूर्वी बघून घ्या. चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची, घंटा वाजवायची, हे पहिल्याच दिवशी शिकवा. आणि चढावर उतरून चालणं हा पराभव नाही, हे स्वतः उतरून दाखवा.

दसऱ्याला आम्ही त्या वापरलेल्या सायकलीला झेंडूची माळ घातली, कुंकू लावलं आणि दुसऱ्या रविवारी पुन्हा कायोटी हिल्सला गेलो. पहिला चढ ती चढली. दुसराही. तिसऱ्यावर, जिथे गेल्या वेळी सायकल आडवी टाकली होती तिथेच, पुन्हा उतरली. माझ्या पोटात गोळा आला. तिने वर बघितलं, पाणी प्यायली आणि म्हणाली, “आई, हा हिल खूप स्टीप आहे.” मग सायकल ढकलत वर गेली, आणि उतारावर आमच्यासाठी थांबली नाही.