वारा झेलला म्हणून भूकंप झेलेलच?

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत जुन्या इमारतींचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "वाऱ्याचा हिशोब दणकट केलाय, भूकंपाचं काय घेऊन बसलात?" पत्र्याच्या शेडपुरतं हे बरंचसं खरं आहे. मुंबई परिसरात वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 44 मीटर धरतात. त्याचा दाब चौरस मीटरला जवळपास 118 किलो. पत्र्याच्या छपराचं स्वतःचं वजन त्यापुढे काहीच नाही, म्हणून तिथे वाराच भारी पडतो. भूकंप मात्र वजन बघतो. त्याच शेडमध्ये मागाहून काँक्रीटचा पोटमाळा घातला की जुना हिशोब बाद.

खरी गफलत होते ती काँक्रीटच्या बहुमजली इमारतीत. समजा, वाऱ्याचं बल 120 टन आलं आणि भूकंपाचं 100. वारा जास्त, म्हणजे इमारत पास! पण हे 100 टन म्हणजे अख्खा धक्का नव्हे. भूकंपाच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस 1893 प्रमाणे, मूळ 500 टनांना 5 ने भागून ते आलेले असतात. ही सवलत कशाच्या जोरावर? सांगाडा वाकेल, ताणला जाईल, पण एकदम तुटणार नाही, या भरवशावर. वाऱ्याच्या हिशोबात असा भरवसा लागतच नाही.

भूकंपासाठीचा हा भरवसा मिळतो आयएस 13920 प्रमाणे बांधलेल्या लोखंडातून. कॉलमच्या दोन्ही टोकांशी रिंगा फार तर 100 मिलिमीटरवर हव्यात आणि हूक 135 अंशांत आत वळलेले. फिटरने काटकोनात सोडलेला हूक सळयांवरचं काँक्रीटचं कव्हर उडालं की उघडतो, मग उभ्या सळया बाहेर फुगतात. अशा इमारतीला फार तर 3 ने भागावं. बल 167 टनांवर जातं आणि वाऱ्यासाठी धरलेले 120 तोकडे पडतात.

"इथे कुठे भूकंप येतो?" नवी मुंबई आयएस 1893 च्या 2016 च्या आवृत्तीत तिसऱ्या झोनमध्ये आहे. 1967 साली हादरलेलं कोयनानगर इथून सुमारे 200 किलोमीटर. तो भूकंप भूजइतका मोठा नव्हता, हे खरं. पण 2001 मध्ये भूजच्या धक्क्याने दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत खाली मोकळं पार्किंग असलेल्या इमारती बसल्या, तेव्हा नुसत्या अंतरावर विसंबण्यात अर्थ नाही. त्यात रबाळ्याला पारसिकच्या डोंगराकडे खडक, तर खाडीकडे मऊ चिखलमाती, आणि अशी माती हादरा वाढवते.

गळती आणि गंज बघून उरकलेलं स्ट्रक्चरल ऑडिट इथे पुरत नाही. मूळ नकाशे सापडत नसतील तर आयएस 15988 प्रमाणे तपासणी मागावी आणि तळमजल्यावरच्या निवडक कॉलमांचं कव्हर फोडून रिंगांचं अंतर टेपने मोजून घ्यावं.