भाताला दोष देण्याआधी

वजन कमी करायचं ठरलं की घरात पहिली कुऱ्हाड भातावर पडते. मग पोळीच्या जागी भाकरी येते, साखरेच्या डब्यात गूळ भरला जातो, तूप बंद होतं आणि सकाळी लिंबू-मधाचं गरम पाणी सुरू होतं. महिना-दोन महिने हे सगळं निष्ठेनं पाळूनही काटा जागचा हलला नाही, की माणूस ‘आपल्याच्यानं होत नाही’ म्हणून सोडून देतो. अशा माणसाचे कष्ट कमी पडलेले नसतात, भलत्या ठिकाणी खर्च झालेले असतात. पदार्थ ताटात किती आहे आणि त्याच्या जोडीला काय आहे, एवढं पाहिलं तरी बरीच कोडी सुटतात. नेहमी कानावर पडणारे काही समज त्या नजरेनं तपासून पाहू.

गैरसमज : मी बारीक आहे, मला जपायची गरज नाही.

वस्तुस्थिती : पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेह संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि आपले ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा होता : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के भरली. भारतीय शरीर दिसायला किरकोळ असलं तरी त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि ती बहुधा पोटाभोवती साठते. म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ झाला की वजन जास्त आणि २५ झाला की लठ्ठपणा धरतात. वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप कामाचा आहे. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली असेल, तर हातपाय काटकुळे असूनही रक्तातली साखर तपासून घ्यावी.

गैरसमज : भातानं वजन वाढतं, भाकरीनं उतरतं. रात्री तर भात नकोच.

वस्तुस्थिती : तांदूळ, गहू, ज्वारी, बाजरी यांतलं कोणतंही धान्य १०० ग्रॅम घेतलं, तर त्यातून साधारण ३२० ते ३६० कॅलरी मिळतात. फरक आहे तो तंतूंचा. ज्वारीत १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात तीनहून कमी. त्यामुळे भाकरी पोटात जास्त वेळ टिकते आणि रक्तातली साखर सावकाश वाढते. हा फायदा खरा आहे, पण तो मापाच्या आत राहून घ्यायचा असतो. हातावर थापलेल्या एका मोठ्या भाकरीला ७०-८० ग्रॅम पीठ लागतं, एका पातळ पोळीला २५-३०. तीन पोळ्या सोडून तीन भाकऱ्या खाणाऱ्याचं जेवण दुपटीहून वाढलेलं असतं, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही.

घड्याळात रात्रीचे आठ वाजले म्हणून भाताची चरबी होत नाही. भाताची अडचण अशी, की पातळ आमटीबरोबर तो न चावता घशाखाली उतरतो आणि दुसरी वाढणी कधी संपली ते कळत नाही. मूदभर भात, घट्ट वरण आणि वाटीभर भाजी हे रात्रीचंही चांगलं जेवण आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यांत दिवसभराच्या अन्नाचा अर्धा भाग भाज्या-फळांचा असावा आणि धान्यांतून मिळणारी ऊर्जा ४५ टक्क्यांपुढे जाऊ नये असं म्हटलं आहे. आपण भाजी-कोशिंबिरीला ‘तोंडी लावणं’ म्हणतो आणि वाढतोही तेवढीच. बदल करायचा तर तिथून करावा. जेवणाची सुरुवात कोशिंबीर आणि भाजीनं केली, की मागून येणाऱ्या भात-पोळीमुळे साखर कमी उसळते.

गैरसमज : साखर वाईट, गूळ आणि मध चालतात.

वस्तुस्थिती : गूळही उसाच्याच रसाचा, आणि त्यातला मोठा भाग साखरच असते. त्यात थोडे क्षार असतात, पण ते पुरेसे मिळावेत इतका गूळ खाणं परवडणारं नाही. मधाचा एक मोठा चमचा म्हणजे साठेक कॅलरी. गरम पाण्यात घातल्यानं तो चरबी वितळवत नाही. साध्या पाण्यानंही तहान भागते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असलेली उत्तम. गूळ, मध आणि फळांचा रसही याच हिशेबात धरायचे. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा झाला, की ४० ग्रॅम साखर चहातूनच पोटात गेली, बिस्किटं वेगळीच. गुळाचा चहा चार वेळा घेण्यापेक्षा कमी साखरेचा दोन वेळा घेतलेला बरा. जीभ दोन-तीन आठवड्यांत कमी गोडाला सरावते.

गैरसमज : तूप बंद केलं की वजन उतरेल.

वस्तुस्थिती : तूप असो, शेंगदाण्याचं तेल असो की ऑलिव्हचं, एका ग्रॅममागे नऊच कॅलरी. वरणभातावरच्या चमचाभर तुपाच्या पंचेचाळीस. तेवढ्यानं वजन वाढत नाही, आणि तूप खाऊन ते उतरतं हाही तितकाच चुकीचा समज आहे. खरा हिशेब तेलाच्या डब्याचा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोजचं तेल सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे साडेतीनशेच्या आसपास कॅलरी होतात. फोडणीला बाटलीतून धार धरण्याऐवजी चमच्यानं मोजून तेल घालावं. महिनाअखेर डब्यात किती उरलं ते पाहिलं, की बदल डोळ्यांना दिसतो.

गैरसमज : आठवड्याचा उपवास केला की वजन आटोक्यात राहतं.

वस्तुस्थिती : ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण अनुभवातून आलेली आहे. एका भरपेट खिचडीचा हिशेब मांडू. १०० ग्रॅम साबुदाणा, ३० ग्रॅम दाण्याचं कूट, चार चमचे तूप आणि अर्धा बटाटा मिळून सातशेच्या पुढे कॅलरी होतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात प्रथिनं नावापुरतीच. खिचडीतली प्रथिनं येतात ती दाण्याच्या कुटातून. म्हणून खिचडी खाल्ल्यावर आधी सुस्ती येते आणि काही तासांत पुन्हा भूक लागते.

श्रद्धेनं केलेल्या उपवासाला हात लावायची गरज नाही, त्याचं ताट बदलता येतं. राजगिऱ्याची भाकरी, वरीचा भात आणि दाण्याची आमटी, काकडीची दही घालून कोशिंबीर, एखादं फळ, असं ताट उपवासालाही चालतं आणि शरीरालाही.

गैरसमज : दर दोन तासांनी खाल्लं नाही तर चयापचय मंदावतो, किंवा दोनदाच जेवलं तरच वजन उतरतं.

वस्तुस्थिती : हा वाद महाराष्ट्रात घरोघरी झाला. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली दोन वेळा जेवणाची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोहोचवली, तर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर यांचा सल्ला थोड्या थोड्या वेळानं खाण्याचा. दोन्हीकडे वजन उतरलेली माणसं भेटतात. दिवसभराचं खाणं तेवढंच असेल, तर ते दोनदा विभागलं काय आणि सहादा विभागलं काय, शरीर खर्च करत असलेल्या ऊर्जेत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. ज्याला दुपारच्या चिवडा-फरसाणाची सवय आहे, त्याला ठराविक वेळा पाळून फायदा होतो. ज्याला उशिरा जेवताना भान राहत नाही, त्याला संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा एखादं फळ खाल्ल्यानं होतो. वर्षभर पाळता येईल ती पद्धत आपली. फक्त मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण गाळू नये.

गैरसमज : रोज वरण असतं, प्रथिनं पुरेशी मिळतात.

वस्तुस्थिती : निरोगी माणसाला किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला पन्नास. घरच्या पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम १५-२० ग्रॅम डाळ असते, म्हणजे चार ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. काही धान्यांतून मिळतात, तरी खड्डा उरतो. तो भरायला महागड्या पावडरीची गरज नाही. मटकीची घट्ट उसळ, पिठलं, वाटीभर दही, मूठभर दाणे, चालत असेल तर अंडं किंवा मासा, यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात असावं. वजन उतरवताना तर हे अधिकच जपावं, कारण प्रथिनं कमी पडली आणि व्यायाम नसला की चरबीबरोबर स्नायूही झिजतात. जेवणानंतर आपल्याकडे शतपावली करत. ती दहा-पंधरा मिनिटांची केली, तर जेवणानंतर चढणारी साखर खाली राहायला मदत होते.

गैरसमज : थकवा वयाचा असतो, चहा घेतला की तरतरी येते.

वस्तुस्थिती : चहातलं कॅफीन थकव्याची जाणीव काही वेळ दाबतं, थकव्याचं कारण तसंच राहतं. आपल्याकडे ते कारण पुष्कळदा रक्तात सापडतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. जेवणाबरोबर किंवा जेवून लगेच चहा घेतला, तर डाळी-पालेभाज्यांमधलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. तासभर थांबावं. त्याउलट भाजीवर लिंबू पिळलं, की लोह चांगलं शोषलं जातं. थकवा महिनाभर हटला नाही तर हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्यावं, लोहाच्या गोळ्या मनानं सुरू करू नयेत.

या आकड्यांमागे आपल्या घरांतली एक जुनी रीत उभी आहे. सगळ्यांना गरम गरम वाढून झाल्यावर बाई शेवटी जेवायला बसते. तोवर उसळ संपलेली असते, वरणाचं वरचं पाणी उरलेलं असतं, आणि शिळं वाया जाऊ नये म्हणून सकाळची पोळी व भात तिच्याच वाट्याला येतात. तिच्या ताटात धान्य भरपूर आणि डाळ, भाजी, दही कमी. पुढे वजनही वाढतं आणि अंगात त्राणही राहत नाही, आणि ‘घरात फिरतेस ना, मग व्यायाम होतोच’ असं तिला ऐकावं लागतं. तिला वेगळं डाएट नको आहे. उद्या ताटं घ्याल तेव्हा तिचंही त्याच वेळी घ्या, आणि उसळीची पहिली वाटी तिच्या ताटात वाढा.