अनोळखी मय्यत

२४ जानेवारी २०२५. जुम्याचा दिवस होता. शाळेच्या मैदानावर २६ जानेवारीच्या कवायतीची तालीम चालली होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. आमच्यापर्यंत आवाज आला नाही, बातमी आली. ज्या मुलांचे वडील, काका फॅक्टरीत कामाला आहेत ती तालमीतून बाहेर येऊन ऑफिसच्या दाराशी उभी राहिली. संध्याकाळपर्यंत मृतांचा आकडा आठवर गेला. इमारतीचे छत कोसळून माणसे ढिगाऱ्याखाली सापडली होती.

मस्जिदीत दुआ झाली. रात्री घरी टीव्ही लावला. स्फोटाची बातमी होती, नाही असे नाही. पण तो आठवडा सैफ अली खान यांचा होता. १६ तारखेच्या पहाटे वांद्र्यात त्यांच्यावर चाकूहल्ला झाला, २१ तारखेला ते बरे होऊन घरीही गेले, तरी वाहिन्यांचे त्या इमारतीचे जिने उतरणे-चढणे संपत नव्हते. खरे सांगायचे तर आम्हीही ते पाहत होतो. घरातली पोरे पाहत होती आणि आम्ही त्यांच्यामागे उभे राहून पाहत होतो.

सोमवारी नववीच्या वर्गात आम्ही विचारले, सैफला दवाखान्यात कोणी नेले? सगळा वर्ग ओरडला, रिक्षावाल्याने. कोणाला त्याचे नाव माहीत होते, कोणाला तो कोणत्या राज्यातला हेही. मग विचारले, परवा आपल्या जवाहरनगरात जे आठ जण गेले त्यांच्यापैकी एकाचे तरी नाव सांगा. एक हात वर आला. तो मुलगा त्याच बाजूच्या गावचा होता. इतरांना आम्ही रागावलो नाही. त्याने सांगेपर्यंत आम्हालाही एकही नाव माहीत नव्हते.

नटनट्यांच्या मरणाला रडणारे लोक सैनिकांसाठी रडत नाहीत, अशी तक्रार आपण वरचेवर ऐकतो. तक्रारीत तथ्य आहे, पण ती आम्हाला अर्धवट वाटते.

६ फेब्रुवारी २०२२ चा रविवार आठवा. सकाळी लता मंगेशकर गेल्या. दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर झाला, महाराष्ट्रात सोमवारी सुट्टी मिळाली, संध्याकाळी शिवाजी पार्कवर पंतप्रधान आले. आमच्या घरात वडीलधारे दिवसभर गप्प होते. सत्तर-ऐंशी वर्षे जो आवाज घराघरांत होता त्याच्यासाठी माणूस हळहळला तर त्यात चूक काय? त्याच रविवारी अरुणाचल प्रदेशात कामेंग भागात हिमकडा कोसळला आणि गस्तीवरचे सात जवान बर्फाखाली गाडले गेले. मंगळवारी त्यांचे मृतदेह मिळाल्याचे लष्कराने सांगितले. ध्वज दोन दिवस अर्ध्यावर होता. ते दोन दिवस हे सात जण बर्फाखाली होते, आणि देशात फारच थोड्यांना ते ठाऊक होते. १९६२ च्या युद्धात पडलेल्या जवानांसाठी कवी प्रदीप यांनी लिहिलेले गीत २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत, नेहरूंच्या समोर, लताबाईंनीच गायले होते. त्यांना जर त्या रविवारी कळते, तर त्यांनी आपल्याआधी त्या सात जणांची चौकशी केली असती असे आम्हाला उगीच वाटते.

त्या दिवसाची दुसरी आठवण कडू आहे. शाहरुख खान यांनी पार्थिवाजवळ हात उचलून दुआ मागितली, मास्क खाली करून फुंकर घातली. आपल्या घरात आजारी लेकरावर आजी घालते तशीच. काही लोकांना ते थुंकणे वाटले, म्हणजे तसे पसरवले गेले. दुखवट्याच्या दोन दिवसांत देशाला बर्फाखालच्या सात जणांसाठी वेळ नव्हता, पण एका फुंकरीची चौकशी करायला होता.

सुशांतसिंह राजपूत प्रकरण तर ताजेच आहे. १४ जून २०२० ला तो गेला. १५ जूनच्या रात्री गलवानच्या खोऱ्यात कर्नल संतोष बाबूंसह २० जवान चिन्यांशी झालेल्या झटापटीत मारले गेले. सुशांत पाटण्याचा, आणि त्या वीसांपैकी पाच जण बिहारचेच. पुढे बिहारच्या भिंतींवर कोणाची पत्रके लागली ते सांगायला नको. एका तरुण मुलीला तुरुंगात जावे लागले, चॅनेलवाल्यांनी तिला आधीच खुनी ठरवले होते. मार्च २०२५ मध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. त्यासाठी कोणी रात्र जागवली नाही. म्हणजे मेलेल्या नटाविषयीही प्रेम होते असे कसे म्हणावे? तमाशा होता, तो संपला.

आता दुसरी बाजू. लोक सैनिकांसाठी रडत नाहीत हे खरे नाही. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवामात केंद्रीय राखीव दलाचे ४० जवान गेले तेव्हा सारा देश रस्त्यावर आला. विदर्भाने तर दोन लेक गमावले होते, बुलढाणा जिल्ह्यातले संजय राजपूत आणि नितीन राठोड. आम्हीही विद्यार्थ्यांसह मेणबत्त्या घेऊन गेलो होतो. पण त्या मेणबत्त्यांच्या मागे दुसरे काहीतरी चालत होते. यवतमाळात शिकणाऱ्या काश्मिरी मुलांना त्याच महिन्यात मारहाण झाली. पुलवामाच्या त्या चाळिसांत राजौरीचा नसीर अहमद हाही होता, हे मारणाऱ्यांना माहीत असण्याचे कारण नाही. मोर्चात चालताना आम्हाला सारखे वाटत होते की आमच्याकडे कोणीतरी पाहते आहे, आमची घोषणा पुरेशी मोठी आहे का हे मोजते आहे. वाचकांपैकी अनेकांना हा अनुभव असेल. दुःख खरे होते, पण ते सिद्ध करावे लागत होते, आणि सिद्ध करता करता ते दुःख राहिले नाही.

कामेंगच्या सात जणांसाठी मेणबत्ती का पेटली नाही? कारण बर्फाविरुद्ध घोषणा देता येत नाही. नट गेला की लोकांकडे त्याचा चेहरा असतो, शत्रूने मारले की शत्रू असतो. जो जवान हिमकड्याखाली, दारूगोळ्याच्या आगीत किंवा कोसळलेल्या छताखाली जातो, त्याच्या बाबतीत हातात धरायला लोकांजवळ काहीच नसते.

आपल्याच बाजूचे उदाहरण घ्या. ३१ मे २०१६ च्या मध्यरात्री वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली. दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला गेलेले अनेक कर्मचारी मेले. पुलगाव म्हणजे आमच्यासाठी काही तासांचा रस्ता. तिसऱ्या दिवशी, ३ जूनला, अमेरिकेत मुहम्मद अली वारले. रमजान तोंडावर आला होता. आमच्या मोहल्ल्यात, आमच्या फोनवर, आठवडाभर फक्त मुहम्मद अली होते. त्यांचे ठोसे, त्यांनी व्हिएतनामच्या युद्धावर जायला दिलेला नकार, त्यांचा जनाजा. आम्ही त्यांच्यासाठी मगफिरतीची दुआ केली आणि ती करावीच. पण इफ्तारच्या दस्तरख्वानावर पुलगावचे नाव एकदाही निघाले नाही. हे दुसऱ्यांचे नव्हे, आमचे सांगतो आहोत.

पवनीकडचे मेजर प्रफुल्ल मोहरकर २३ डिसेंबर २०१७ ला राजौरीच्या केरी भागात नियंत्रण रेषेजवळ तीन जवानांसह शहीद झाले. वय ३२. भंडारा जिल्हा त्या वेळी हेलावला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले. दोन महिन्यांनी श्रीदेवी यांचे दुबईत निधन झाले आणि २८ फेब्रुवारीला मुंबईत त्यांना तिरंग्यात लपेटून शासकीय इतमामात निरोप देण्यात आला. त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही, तिरंगा कोणाला द्यायचा हे सरकार ठरवते. पण श्रीदेवींचा बाथटब स्टुडिओत मांडून दाखवणाऱ्या वाहिन्यांनी केरी भाग नकाशावर किती वेळ दाखवला होता? त्याच वर्षी जूनमध्ये, रमजान ईदच्या दोन दिवस आधी, सुट्टी घेऊन घरी निघालेला रायफलमन औरंगजेब काश्मीरात वाटेतून पळवला गेला आणि मारला गेला. घरचे ईदला त्याची वाट पाहत होते. आज आपल्या किती घरांत त्याचे नाव निघते?

आपल्या दीनमध्ये मय्यतीविषयी फार स्पष्ट गोष्टी आहेत. शोक तीन दिवसांचा, विधवेचा चार महिने दहा दिवसांचा. ऊर बडवून आकांत करायला मनाई, पण डोळ्यांतल्या पाण्याला मनाई नाही. प्रेषित (स.) यांचे लहानगे पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले की या मृत्यूमुळेच सूर्य काळवंडला. स्वतः बापाच्या दुःखात असतानाही प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि सांगितले की सूर्य-चंद्र कोणाच्या मरणाने झाकोळत नसतात. मोठ्या घरातली मय्यत झाली की आभाळही रडले म्हणणाऱ्या प्रत्येक काळाला हे लागू आहे.

दुसरी हदीस आम्ही वर्गात नेहमी सांगतो. मदिनेच्या मस्जिदीत झाडू मारणारी एक गरीब स्त्री होती. ती वारली आणि सहाबांनी तिला रात्रीच दफन केले. एवढ्याशा गोष्टीसाठी प्रेषितांना (स.) काय उठवायचे, असे त्यांना वाटले. ती दिसत नाही म्हणून त्यांनी विचारपूस केली, मला का कळवले नाही म्हणून विचारले, तिची कबर दाखवायला सांगितली आणि तिथे जाऊन नमाज पढली. या हदीसमध्ये आम्हाला नमाजइतकीच विचारपूस महत्त्वाची वाटते. ती दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आले, कारण ती असताना तिच्याकडे त्यांचे लक्ष होते. आपल्यासाठी सीमेवरचा जवान किंवा फॅक्टरीतला कामगार जिवंत असताना कोण असतो?

स्फोटानंतर एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, फॅक्टरीतल्या लोकांना शहीद म्हणायचे का?" प्रश्न सोपा नाही. शब्द अरबीतून उर्दूत आणि उर्दूतून मराठीत आला, वर्तमानपत्रे तो रोज वापरतात, पण लष्कराच्या कागदपत्रांत तो नसतो. निर्माणीतले कामगार तर गणवेशातलेही नाहीत. २०२१ पासून त्यांचा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली गेला आहे. ते जो दारूगोळा तयार करतात तो जवानाच्या हाती जातो, पण मेल्यावर त्यांची गणना अपघातात होते. आम्ही तिला बुखारीतली हदीस सांगितली. रणांगणावर पडणाऱ्यासोबतच साथीच्या रोगाने, पोटाच्या विकाराने, पाण्यात बुडून आणि कोसळलेल्या बांधकामाखाली दबून मरणाऱ्यालाही तिथे शहीद म्हटले आहे. कोणाला तो दर्जा मिळाला हे अल्लाह जाणे. आम्ही तिला एवढेच म्हणालो की छताखाली दबलेला माणूस त्या यादीतून सुटलेला नाही.

आमच्या शेजारी फॅक्टरीतून निवृत्त झालेले एक चाचा राहतात. त्या शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो होतो. त्यांच्याकडून कळले की आत जाताना काडेपेटी आणि मोबाईल गेटवरच ठेवावे लागतात. ठिणगीची भीती. बाहेर अशी काही बातमी फुटली की घरचे फोन लावत राहतात आणि फोन गेटवरच्या खणात वाजत राहतात. चाचा म्हणाले, "उचलणारा जिवंत असला तरी उचलू शकत नाही. आमच्या वेळी मोबाईल नव्हते, तेच बरे होते. बाई दारात उभी राहायची, इतकेच."

शनिवारी सकाळी त्यांच्याकडे पेपर आला होता. आत आठही नावे छापली होती. चाचांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून त्यांनी आमच्या मुलाला वाचायला सांगितले. तो नेहमीसारखा भरभर वाचून मोकळा झाला. चाचा म्हणाले, "बेटा, पुन्हा वाच. सावकाश. प्रत्येक नाव झाले की थांब."