कोनाकडं आले, भाऊ?

तेल्हाऱ्याच्या बसस्टँडवर अनोळखी माणूस एस.टी.तून उतरला, की पहिला प्रश्न ठरलेला : "कोनाकडं आले, भाऊ?" नाव सांगा, कोणीतरी थेट घरापर्यंत सोडून येईल! पण दोस्तांनो, समजा पाहुण्यानंच काही विचारलं आणि अख्खं गाव गप्प झालं, तर?

'ब्लॅक रॉक'मध्ये तसंच होतं. 'बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक' हा १९५५ चा अमेरिकन चित्रपट. ओसाड गावात चार वर्षांत पहिल्यांदाच आगगाडी थांबते. एका हातानं अधू असलेला स्पेन्सर ट्रेसी उतरतो आणि कोमोको नावाच्या जपानी शेतकऱ्याचा पत्ता विचारतो. झालं, सगळ्यांचे चेहरे बदलतात!

आपल्याकडचा असा पाहुणा म्हणजे 'सामना'मधले मास्तर. तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा हा पहिला चित्रपट १९७५ मध्ये बर्लिनच्या महोत्सवातही गेला होता. डॉ. श्रीराम लागूंचे मास्तर रुबाबदार हिरो मुळीच नाहीत. एकेकाळचे स्वातंत्र्यसैनिक, आता दारूच्या आहारी गेलेले. साखरसम्राट हिंदुराव, म्हणजे निळू फुले, त्यांना घरी नेतात, खाऊपिऊ घालतात. मग मास्तरांच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडतं. त्याचं काय झालं, एवढंच ते विचारत सुटतात. ज्याला विचारावं तो नजर चुकवतो.

ट्रेसीला निदान शत्रू समोर दिसतात. मास्तरांची पंचाईत मोठी : ज्याचं मीठ खाल्लं, त्यालाच जाब विचारायचा!

मारुतीचं काय झालं? ते मी नाही सांगणार. आईबाबांना सोबत घेऊन बसा आणि पाहा.