मोटारीचा डॅशबोर्ड : वाचावा कसा, लावावा कसा

ठाणें, डोंबिवली, कल्याण या परिसरांत मोटारगाडी ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. कोणाच्या घरीं ती स्वतःची असते, कोणी भाड्याच्या गाडींतून आजोळीं जातो; पण मोटारींत कधींच बसला नाहीं असा विद्यार्थी आमच्या वाचकांत क्वचितच सांपडेल. तथापि हांकणाऱ्याच्या समोर दिव्यांची व कांट्यांची जी फळी असते तिचा अर्थ घरांतील किती मंडळींस सांगतां येईल, असा प्रश्न केला तर उत्तर समाधानकारक येणार नाहीं. गाडीबरोबर मिळालेलें माहितीपुस्तक बहुधा पुढील खणांत वेष्टनासह पडून असतें. म्हणून त्या फळीचा थोडक्यांत परिचय करून देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम नांवाविषयीं. ‘डॅशबोर्ड’ हा शब्द मोटारीहून जुना आहे. घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल आंतील मंडळींच्या अंगावर येऊं नये म्हणून घोडागाडीच्या पुढें एक आडवी फळी लावीत. तिचें हें नांव. पुढें घोडा गेला, चिखल अडविण्याचें कामही संपलें; पण नांव राहिलें आणि त्या जागीं मापक यंत्रें येऊन बसलीं. स्ट्रासबुर्ग येथील ओटो शुल्झे यानें १९०२ सालीं वेगमापकाचें पेटंट घेतलें. त्याची युक्ति मोठी सोपी होती. गाडीच्या गतीबरोबर फिरणारी एक तार लोहचुंबकास फिरवी. चुंबकाच्या प्रभावानें त्याजवळची धातूची वाटी वळूं पाही, परंतु एक बारीक स्प्रिंग तिला मागें ओढून धरी. वेग जितका अधिक तितकी वाटी अधिक वळे, व तिला जोडलेला कांटा तितका पुढें सरके. आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. तेथें १९९० नंतरच्या दशकांत प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत असे. त्या काळच्या गाड्यांत वेग, इंधन व इंजिनाची उष्णता दाखविणारे कांटेच मुख्य असत. हल्लीं चाकांची गति विजेच्या साहाय्यानें मोजली जाते, आणि कांट्यांच्या जागीं पुष्कळदां रंगीत पडदा असतो. चिन्हें वाढलीं, त्याबरोबर तीं वाचण्याची जबाबदारीही वाढली.

हीं चिन्हें पुष्कळ असलीं तरी त्यांची गुरुकिल्ली रंगांत आहे. हिरवा अथवा निळा दिवा म्हणजे एखादें साधन चालू आहे एवढीच वर्दी. पिंवळा दिवा म्हणजे सावध व्हा, लवकरच तपासणी करा. तांबडा दिवा म्हणजे धोका. गाडी सुरक्षित जागीं बाजूस घेऊन थांबवा. तांबड्या दिव्यांपैकीं तीन ओळखणें तर अत्यावश्यक आहे. तेलाच्या झारीचें चिन्ह इंजिनांतील तेलाचा दाब घटल्याचें सांगतें. अशा वेळीं ‘घर जवळच आहे’ असें म्हणून गाडी पुढें रेटली तर धातूवर धातु घांसून इंजिन थोड्याच मिनिटांत निकामी होऊं शकतें. लाटांवर उभ्या केलेल्या उष्णतामापकाचें चिन्ह इंजिन फार तापल्याचें दाखवितें. तेव्हां इंजिन थंड होण्यापूर्वीं त्याच्या पाण्याचें झांकण उघडूं नये, कारण आंतील उकळतें पाणी अंगावर उसळतें. वर्तुळांतील उद्गारचिन्ह ब्रेकाविषयीं आहे. हातब्रेक सोडूनही तें विझलें नाहीं तर गाडी हांकूं नये.

येथें एक गोष्ट विसरली जाते. किल्ली फिरवितांच किंवा बटण दाबतांच बहुतेक सूचक दिवे क्षणभर लागतात व मग विझतात. ही त्या दिव्यांची स्वतःची परीक्षा होय. जो दिवा त्या वेळीं लागलाच नाहीं, तो संकटकाळींही लागणार नाहीं. यास्तव तेवढे दोन-तीन क्षण फळीकडे पाहण्याची संवय ठेवावी.

आतां वेगाकडे वळूं. वेगमापकानें खऱ्यापेक्षां कमी वेग दाखवूं नये, थोडा अधिक दाखविला तरी चालेल, असा नियम आहे. म्हणून कांटा ६० वर असतां खरा वेग बहुधा त्याहून किंचित् कमी असतो. परंतु हौसेनें मूळ मापापेक्षां मोठे टायर बसविले तर हा हिशेब बिघडतो, व कांटा खऱ्यापेक्षां कमी वेग दाखवूं लागतो. १ जुलै २०१९ पासून आपल्या देशांत तयार होणाऱ्या मोटारींत ताशीं ८० किलोमीटरचा वेग ओलांडतांच थांबून थांबून, व १२० च्या पुढें अखंड, इशाऱ्याचा आवाज होतो. तो आवाज त्रासदायक वाटावा, हाच त्याचा हेतु आहे.

फळीवरील योजना आपल्या सोयीप्रमाणें लावतां येतात. मात्र हें काम गाडी उभी असतांनाच करावयाचें. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार दोन सेकंदांत २२ मीटर पुढें जाते. कापूरबावडीच्या किंवा शीळफाट्याच्या गर्दींत पडद्यावर घड्याळ लावीत बसणारा मनुष्य हे २२ मीटर जणूं डोळे मिटून काढतो. घड्याळ, रेडिओ, भाषा, प्रकाश हें सर्व निघण्यापूर्वीं लावावें, अथवा शेजारीं बसणाऱ्यावर सोंपवावें.

रात्रींच्या प्रवासांत दोन योजना विशेष उपयोगी पडतात. गायमुखाच्या घाटांत किंवा मुरबाडमार्गें माळशेजकडे जातांना अंधाऱ्या भागांत फळीचा स्वतःचा प्रकाश मंद करावा. डोळ्यांसमोर तेज अधिक असलें म्हणजे बाहेरच्या अंधारांतील पादचारी दिसत नाहीं. दुसरी योजना हेडलाइटची उंची ठरविणारी. मागें माणसें व सामान भरलें म्हणजे गाडीचें नाक वर उचललें जातें आणि आपला झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. ज्या गाड्यांत शून्यापासून आंकडे असलेली छोटी चकती असते, तींत ओझें वाढेल तसा आंकडा वाढविला म्हणजे झोत खालीं येतो. निळा दिवा लागला असेल तर आपला लांबचा झोत चालू आहे हें ध्यानांत घ्यावें, व समोर वाहन दिसतांच तो उतरवावा.

पावसाळ्यांत कांचेवर आंतून धुकें धरतें. तेव्हां वातानुकूलन चालू करून हवा पुढील कांचेकडे वळवावी व बाहेरची हवा आंत येऊं द्यावी. गाडीच्या चित्रांत वळलेला बाण असलेलें बटण तीच हवा आंतल्याआंत फिरवितें. भिवंडीच्या वाटेवर मालमोटारींच्या धुरांत तें सोयीचें, पण पावसांत तेंच चालू ठेवल्यास धुकें बहुधा वाढतें.

डिझेलच्या नव्या गाड्यांविषयीं एक सूचना आमच्या भागास फारच लागू आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या नियमांमुळें डिझेल मोटारींच्या धूरनळींत काजळी अडविणारी गाळणी आली. ही गाळणी सांचलेली काजळी उष्णतेनें जाळून स्वच्छ होते. परंतु त्यासाठीं गाडी कांहीं मिनिटें एकसारख्या वेगानें चालावी लागते. रोज ठाणें ते कल्याण रांगेंतून रांगत जाणाऱ्या गाडीस तशी संधि मिळत नाहीं, आणि नळींतील ठिपक्यांचें पिंवळें चिन्ह उजळतें. तें दिसल्यावर वाहतूक मोकळी असेल अशा वेळीं पडघ्याच्या बाजूस महामार्गावर, माहितीपुस्तकांत सांगितलेल्या वेगानें व तितका वेळ गाडी न्यावी. हयगय केली तर इंजिनाची शक्ति घटते व दुरुस्तीचा मोठा खर्च पदरीं पडतो.

विद्यार्थीमित्रहो, वयाचीं १८ वर्षें पूर्ण होईपर्यंत मोटार हांकण्याचा अधिकार आपणांस नाहीं. परंतु फळी वाचण्यास परवाना लागत नाहीं. येत्या रविवारीं वडिलांच्या अथवा काकांच्या अनुमतीनें तें माहितीपुस्तक खणांतून बाहेर काढावें, उभ्या गाडींत एकेक चिन्ह ताडून पाहावें, आणि तांबड्या दिव्यांचे अर्थ घरांतील सर्वांस समजावून द्यावे. पुढें प्रवासांत एखादे दिवशीं झारीचा तांबडा दिवा उजळला, आणि मागें बसलेल्या मुलानें ‘बाबा, गाडी बाजूला घ्या’ असें वेळेवर सांगितलें, तर आमच्या लेखनाचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.