बावीस हजारांची येझदी

‘स्वस्तात मिळते आहे’ हे शब्द कानी पडले की मध्यमवर्गीय गृहस्थाचा विवेक जागचा हलतो. आमचाही हलला. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या जिन्याखाली १९८७ सालची येझदी मोटारसायकल सहा वर्षे गोणपाटाखाली उभी होती. मालक वारले होते, वाडा पाडून तिथे इमारत होणार होती आणि काकू कोथरूडला राहायला निघाल्या होत्या. भंगारवाला दारात येऊन गेला होता. आम्ही बावीस हजार देऊ केले. काकू म्हणाल्या, “न्या तुम्ही. निदान ती मोडली तरी जाणार नाही.”

आमच्या चिरंजिवांना त्या गाडीत यंत्रशास्त्राचा अभ्यास दिसला, मला माझे कॉलेजचे दिवस दिसले. बँकेत तीस वर्षे नोकरी केलेल्या आमच्या सौभाग्यवतींना मात्र वेगळेच दिसले. त्या म्हणाल्या, “गाडी मागाहून बघा. आधी तिचे आरसी बुक बघा.”

वाचकहो, जुनी गाडी घेणाऱ्याने हे वाक्य गाठीला बांधावे. आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, कायद्याच्या दृष्टीने तोच मालक, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या फेब्रुवारीत दिला आहे. गाडी विकून नाव तसेच राहिले आणि अपघात झाला, तर भरपाईचा बोजा जुन्या मालकावर येतो. आमच्या गाडीचे मालक तर हयातच नव्हते. तेव्हा प्रथम ३१ नंबरच्या अर्जाने गाडी काकूंच्या नावे झाली, मग २९ आणि ३० नंबरच्या अर्जांनी आमच्या. चासीवरचा आणि इंजिनावरचा नंबर पुस्तकाशी ताडून पाहिला. खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवावी लागते. आमच्या गाडीची मुदत केव्हाच उलटली होती. त्यामुळे संगम पुलाजवळच्या आरटीओत ती टेम्पोत बसून गेली!

पुण्याला जुन्या गाडीचे कौतुक नवे नाही. स्कूटरचा कारखाना आकुर्डीला, आपल्या हाकेच्या अंतरावर. पण एके काळी बजाजच्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्या काळी हात फिरलेली स्कूटर नव्या स्कूटरपेक्षा महाग विकली जाई. तेव्हा लोक गाडी दुरुस्त करीत ते दुसरी मिळत नसे म्हणून. आज कोणी करतो तो हौसेने. हा फरक ज्याने ओळखला नाही, त्याने या फंदात पडू नये.

येझदीचा वंश परदेशी. झेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या १९६० च्या सुमारास म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात बनू लागल्या, १९७३ पासून त्यांना येझदी हे नाव मिळाले आणि १९९६ साली कारखाना बंद झाला. २०२२ साली ते नाव पुन्हा बाजारात आले, पण नव्या गाडीचे भाग जुनीला लागत नाहीत. म्हणून आमचे रविवार नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत आणि जुन्या बाजारात जाऊ लागले.

हे इंजिन शिकाऊ माणसाला फार सोयीचे. सिलिंडर एक, सायलेन्सर दोन. जी दांडी किकची, तीच गिअरची. टू-स्ट्रोक असल्याने व्हॉल्व्हची भानगड नाही. पिस्टनच वरखाली होताना वाटा उघडतो आणि मिटतो. वंगणाचे तेल पेट्रोलातच मिसळायचे, लिटरमागे साधारण तीस ते चाळीस मिलिलिटर. ठिणगी, पेट्रोल आणि दाब या तीन गोष्टी जुळल्या की इंजिन बोलते. आम्ही प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून रात्रभर ठेवले, टाकीतला गंज धुऊन काढला, कार्ब्युरेटर साफ केला. चौथ्या रविवारी गाडी सुरू झाली आणि सगळी सोसायटी धुराने भरली. आम्हाला तो होमाचा धूर वाटला. शेजाऱ्यांचे मत निराळे पडले.

इथे माझी चूक झाली. मिस्त्री म्हणाले होते, “इतकी वर्षे उभी गाडी, इंजिन खोलून आतली रबरी सील बदला.” पण मी ते पैसे वाचवले आणि टाकीला चकचकीत रंग दिला. आरटीओची तपासणी पार पडली, विमा उतरवला आणि चिरंजीव ऐटीत कात्रजच्या घाटाकडे निघाले. वाळलेल्या सीलमधून हवा आत शिरत होती. हवा जास्त, पेट्रोल आणि तेल कमी. त्यामुळे चढावर पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकला आणि मागचे चाक जागीच आवळले. मुलाने चटकन क्लच दाबला म्हणून तो सावरला. त्या रात्री तो गाढ झोपला. मला झोप आली नाही.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरला आहे: आधी कागद, मग ब्रेक आणि टायर, मग इंजिनाचे पोट, रंग सर्वांत शेवटी. टायरवर नक्षी दिसते म्हणून फसू नका. त्याच्या बाजूवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन बनावटीचा आठवडा सांगतात, पुढचे दोन साल.

हिशेब सांगतो. गाडीचे बावीस हजार, दुरुस्तीचे त्रेचाळीस हजार आणि नऊ महिन्यांचे रविवार. पासष्ट हजारांत धडधाकट चालती दुचाकी मिळाली असती. तात्पर्य, ज्याला गाडी हवी आहे त्याने चालती गाडी घ्यावी. ज्याला दुरुस्तीच हवी आहे त्याने मोडकी घ्यावी. आम्हाला दुरुस्ती हवी होती, हे आम्हाला मागाहून कळले. एरवी मोबाइलमधून मान वर न काढणारा मुलगा नऊ महिने माझ्यासमोर पाने धरून बसला, हे कोणत्या खात्यात मांडू?

गाडी सर्वार्थाने तयार झाली तेव्हा आम्ही ती कोथरूडला नेली. आवाज ऐकून काकू गॅलरीत आल्या, मग सावकाश खाली उतरल्या. सीटवरून हात फिरवला, हॉर्न वाजवून पाहिला आणि म्हणाल्या, “हॉर्न बदललात वाटतं. त्यांचा जरा घोगरा होता.”

जुना हॉर्न डब्यात आहे. येत्या रविवारी तो बसवायचा आहे.