स्वागतयात्रेत कॅमकॉर्डरची परीक्षा

डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली गुढीपाडव्याची स्वागतयात्रा घरच्या कॅमकॉर्डरची खरी परीक्षा घेते. ढोल-ताशा जवळ आला की रेकॉर्डिंगमध्ये आवाज फाटतो. म्हणून आवाजाची पातळी हाताने कमी करता येते का, हे दुकानातच तपासा. गर्दीतून लेझीम टिपायला ऑप्टिकल झूम हवा; डिजिटल झूम चित्र नुसतं ताणतो. सेकंदाला १०० मेगाबिटने ४के चित्रण केलं, तर तासाला ४५ जीबी जागा जाते. घरगुती चित्रणाला फुल एचडी पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. कार्ड पुसण्याआधी दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती करा. आणि कपाटातल्या जुन्या मिनीडीव्ही कॅसेट? दमट पावसाळ्यात त्यांना बुरशी लागते. तासाभराची कॅसेट संगणकावर उतरवायला तासच लागतो. या रविवारी एक तरी उतरवाच.